टीम बोलती कशी राहील? मानसिक सुरक्षिततेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि खरी मीटिंग नंतर जिन्यात भरते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं. टीम चालवणाऱ्यांसाठी जरा जास्तच, कारण जिन्यातल्या त्या मीटिंगचं आमंत्रण नेमकं त्यांनाच नसतं.

मानसिक सुरक्षितता म्हणजे नेमकं काय?

शंका विचारली, चूक कबूल केली, मदत मागितली किंवा वरिष्ठांचं म्हणणं पटत नाही असं सांगितलं, तरी आपला पाणउतारा होणार नाही आणि पुढे कधी ते आपल्यावर उलटणार नाही, असा टीममधल्या सगळ्यांचा मिळून असलेला भरवसा. यात ‘सगळ्यांचा मिळून’ महत्त्वाचं. एखादा माणूस मुळातच धीट असतो, तो कुठेही बोलतो. त्याच्यावरून टीम कशी आहे ते कळत नाही. ते कळतं सगळ्यात नवख्या आणि बुजऱ्या माणसाकडे पाहून.

कल्पना तशी जुनी आहे. एडगर शाईन आणि वॉरन बेनिस यांनी १९६५ मध्ये संस्थांमधल्या बदलांबद्दल लिहिताना ती मांडली. जुनी पद्धत सोडून नवी शिकायची तर माणसाला आधी पायाखालची जमीन घट्ट वाटावी लागते, असा तो विचार. १९९० मध्ये विल्यम कान यांनी माणूस कामात जीव कधी ओततो आणि हात राखून कधी वागतो याचा अभ्यास केला, त्यातही ती आली. आज आपण हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, तो हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन यांच्या १९९९ च्या शोधनिबंधामुळे रूढ झाला. एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीम त्यांनी अभ्यासल्या होत्या.

हे आणि विश्वास एकच ना?

नाही. विश्वास दोन माणसांमध्ये असतो, ही टीमची हवा आहे. शेजारच्या सहकाऱ्याशी तुमचं कितीही जमत असेल, आठ जण एका खोलीत बसले की तुम्ही दोघंही गप्प, असं होऊ शकतं.

पण लोक गप्प का बसतात? मनात आहे ते सांगून टाकायला काय जातं?

हा प्रश्न बहुतेक वेळा वरिष्ठच विचारतात, आणि जरा वैतागून. जातं बरंच काही. प्रश्न विचारला तर अडाणी ठरू, चूक सांगितली तर नालायक ठरू, खोट काढली तर नकारघंटा वाजवणारे ठरू, नवीन काही सुचवलं तर चालत्या गाड्याला खीळ घालणारे ठरू. या चार भीती बहुतेक माणसं कामाच्या पहिल्या दिवसापासून सोबत घेऊन येतात. तुमच्या टीमने त्या निर्माण केल्या असतीलच असं नाही, पण त्या घालवायचं काम तुमच्याकडेच येतं.

शिवाय हिशोबच असा आहे की गप्प राहणंच परवडतं. बोलण्याचा तोटा लगेच होतो, ठरलेला असतो आणि एकट्या बोलणाऱ्याचा असतो. बोलण्याचा फायदा झाला तर नंतर होतो आणि सगळ्यांमध्ये वाटला जातो. मग मीच कशाला वाईटपणा घेऊ, असं प्रत्येकाला वाटतं आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची राहून जाते. गप्प बसल्याबद्दल कुणाची नोकरी सहसा जात नाही, हेही त्यांना ठाऊक असतं.

आमच्या टीममध्ये चुकाच फार कमी होतात. म्हणजे आमच्याकडे ही सुरक्षितता आहे, असं समजायचं का?

कदाचित उलट. एडमंडसन यांचं त्याआधीचं संशोधन इथे बघण्यासारखं आहे. दोन रुग्णालयांमधल्या आठ विभागांत औषधं देताना किती चुका होतात, हे तपासलं जात होतं. चांगल्या टीमच्या हातून कमी चुका होतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे आले ते बरोबर उलटे. ज्या विभागांत टीम चांगली होती, तिथेच चुकांची नोंद जास्त. चांगल्या टीम जास्त चुकत होत्या असं मानायला मन धजेना, म्हणून मग विभागांमध्ये जाऊन नीट निरीक्षण झालं. तिथे दिसलं की चांगल्या टीममध्ये लोक चुकांबद्दल उघड बोलत होते, नोंद करत होते, एकमेकांना सावध करत होते. बाकीच्या ठिकाणी चुका झाकल्या जात होत्या. हे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून ‘आमच्याकडे सगळं आलबेल आहे’ असा अहवाल सलग सहा महिने आला, तर मला आनंदापेक्षा काळजी जास्त वाटते.

म्हणजे सगळ्यांशी गोड बोलायचं, कुणाला दुखवायचं नाही?

हा गैरसमज सगळ्यात चिवट. गोडगोड वागणाऱ्या टीममध्ये कित्येकदा कुणीच काही खरं बोलत नाही, कारण समोरच्याला वाईट वाटेल. तीही शांतताच, फक्त हसतमुख. मानसिक सुरक्षितता असलेल्या टीममध्ये वाद जास्त होतात, ‘हे मला पटत नाही’ हे वाक्य जास्त ऐकू येतं. फरक इतकाच की वाद कामावरून होतो आणि संपला की संपतो.

कामाचा दर्जा सैल करणं असाही याचा अर्थ नाही. दर्जाची अपेक्षा उंच पण बोलायची भीती, अशा ठिकाणी लोक धास्तावलेले असतात. बोलायला मोकळीक पण अपेक्षा काहीच नाही, तिथे ते सुस्तावतात. शिकतात ते दोन्ही असतील तिथे.

याने कामात खरंच फरक पडतो, की हे नुसतं व्यवस्थापनाचं नवं फॅड आहे?

फॅड झालंय खरं, भिंतीवर पोस्टर लावण्यापर्यंत मजल गेली आहे. पण मूळ मुद्दा पोकळ नाही. गूगलने २०१२ मध्ये आपल्याच सुमारे १८० टीमचा अभ्यास सुरू केला. एक चांगली टीम कशामुळे घडते, हे त्यांना शोधायचं होतं. टीममध्ये कोण कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसं वागतात, याने जास्त फरक पडतो असं त्यांना दिसलं. पाच गोष्टी हाती लागल्या: मानसिक सुरक्षितता, एकमेकांवर विसंबता येणं, कामाची स्पष्ट मांडणी, कामातला अर्थ आणि कामाचा परिणाम. त्यांत पहिला मान मानसिक सुरक्षिततेला मिळाला. बाकीच्या चार गोष्टी मात्र कुणी पोस्टरवर लावत नाही.

लीडरने नेमकं करायचं काय?

काम सुरू होण्याआधी, काम चालू असताना आणि वाईट बातमी आल्यावर, असे तीन प्रसंग असतात. पहिल्या दोन ठिकाणी थोडं चुकलं तरी सावरता येतं. सगळी गोम तिसऱ्या ठिकाणी आहे.

आधी कामाची मांडणी. ‘हे सोपं आहे, चुकायचा प्रश्नच नाही’ असं म्हणून काम सोपवलं, की पुढे अडलेला माणूस अडल्याचं सांगणार कसा? त्याऐवजी ‘यातला हा भाग आपण आधी कधी केलेला नाही, मलाही तो पूर्ण कळलेला नाही, कुठे काही वेगळं दिसलं तर लगेच सांगा’ असं म्हटलं तर बोलणं हा कामाचाच भाग होतो. स्वतःचं अज्ञान सांगणाऱ्या लीडरचा वचक जातो, अशी एक भीती असते. मी तरी तसं झालेलं पाहिलेलं नाही. ज्याला माहीत नसताना माहीत असल्याचा आव आणता येतो, त्याचा वचक मात्र जिन्यात कधीच संपलेला असतो.

मग विचारणं. ‘काही शंका आहेत का?’ हा प्रश्न नसून मीटिंग संपल्याची घंटा आहे. त्याला ‘नाही’ हे एकच उत्तर ठरलेलं. ‘हा आराखडा फसला तर कशामुळे फसेल? प्रत्येकाने एक एक कारण सांगा’ असं विचारून बघा. इथे खोट काढणं हीच कामगिरी असते, वाईटपणा कुणाकडेच जात नाही. आणि आधी बाकीच्यांना बोलू द्या. राजा बोले आणि दळ हाले. तुमचं मत एकदा टेबलावर पडलं की उरलेले लोक विचार करत नाहीत, री ओढतात. प्रश्न विचारल्यावर शांत बसून राहणंही जमायला हवं. पाच-सात सेकंदांची शांतता फार लांब वाटते, पण बुजरा माणूस नेमका त्याच वेळात मनाशी वाक्य जुळवत असतो.

रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात हीच गोष्ट थेट कागदावर उतरवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. त्वचेवर छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि भूमिका सांगायची, असा त्यातला एक मुद्दा. वरवर बालिश वाटतो. पण एकदा तोंड उघडून नाव सांगितलेल्या माणसाला पुढच्या तासाभरात ‘थांबा’ म्हणणं सोपं जातं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. श्रेय अर्थात पूर्ण यादीचं, एकट्या नाव सांगण्याचं नव्हे.

आणि तिसरी गोष्ट, वाईट बातमी आल्यावरचे पहिले काही सेकंद. ॲलन मुलाली २००६ मध्ये फोर्ड कंपनीचे प्रमुख झाले तेव्हा कंपनी अब्जावधी डॉलरच्या तोट्यात जात होती. दर आठवड्याच्या बैठकीत प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या कामापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग लावायचा, असं त्यांनी ठरवलं. तक्ते आले, सगळे हिरवेगार. कंपनी बुडतेय आणि एकही अडचण नाही? काही आठवड्यांनी मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या कामापुढे लाल रंग लावला. मागच्या दरवाजात दोष होता, गाडी वेळेत निघणार नव्हती. खोलीत सगळे श्वास रोखून बसले. आता याची उचलबांगडी होणार, असंच सगळ्यांना वाटलं. मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, याला मदत कोण करू शकेल? लगेच दोन-चार जण पुढे आले. त्यानंतरच्या बैठकांत तक्त्यांवर लाल-पिवळे रंग दिसू लागले.

टाळ्याच वाजवायला हव्यात असं नाही. ‘बरं झालं आत्ता सांगितलंस. अजून काय दिसतंय? तुला कुणाची मदत लागेल?’ एवढी तीन वाक्यं पुरतात. ‘कुणी केलं?’ हा प्रश्न पहिला आला की संपलं. पुढची चूक तुमच्यापर्यंत पोहोचेल ती तारीख उलटून गेल्यावर.

‘माझं दार सगळ्यांसाठी कायम उघडं आहे’ असं मी सांगून ठेवलंय. पुरेसं नाही का?

दार उघडं असेल, पण उंबरठा त्यांना ओलांडावा लागतो ना. तुम्हीच उठून त्यांच्या टेबलापाशी जा.

मग चूक करणाऱ्याला काहीच बोलायचं नाही?

बोलायचं, पण सगळ्या चुकांना एकाच काठीने हाकायचं नाही. मुद्दाम नियम मोडणं, कुणाचा छळ, आकडे फिरवणं, झालेली गोष्ट लपवणं, यांना क्षमा नको. तिथे ढिलाई दाखवली तर सरळ वागणाऱ्यांचाच भरवसा उडतो. नेहमीच्या कामात लक्ष नसल्याने झालेली चूक वेगळी. तिथे माणसाबरोबर कामाची पद्धतही तपासावी लागते. नवीन काही करून पाहताना आलेलं अपयश आणखी वेगळं. ते आलं नाही तर आपण नवीन काही करतच नाही असा अर्थ.

एडमंडसन यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना विचारलं होतं की तुमच्या संस्थेतल्या किती अपयशांना खरोखर कुणाला तरी दोष द्यावा लागेल? उत्तर साधारण दोन ते पाच टक्के. आणि प्रत्यक्षात किती वेळा दोष दिला जातो? सत्तर ते नव्वद टक्के. मधल्या सगळ्या वेळी कुणाच्या तरी डोक्यावर उगाच खापर फुटतं.

विमान क्षेत्राने यावर एक व्यवहारी तोडगा काढला. अमेरिकेत १९७६ पासून नासा एक यंत्रणा चालवते. वैमानिकाने अनवधानाने झालेली चूक दहा दिवसांत स्वतःहून कळवली, तर त्याचं नाव गाळून नोंद होते आणि सहसा दंड माफ होतो. अपघात आणि गुन्हे मात्र या सवलतीत बसत नाहीत. कुठे सूट आहे आणि कुठे नाही, हे आधीच लिहून ठेवलं आहे. टीममध्येही ही रेघ आधीच आखलेली हवी. चूक झाल्यावर आखली तर ती माणूस बघून आखल्यासारखी वाटते.

मी लीडर नाही, टीममधला साधा माणूस आहे. वरिष्ठ चुकतायत हे दिसलं तर काय करू?

आधी एक घटना सांगतो. २७ मार्च १९७७, तेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. केएलएम या डच विमान कंपनीचं विमान धावपट्टीच्या टोकाला उभं. कप्तान कंपनीत इतरांना शिकवणारा, नावाजलेला. त्याने विमान पुढे काढायला सुरुवात केली तेव्हा सहवैमानिकाने थांबवलं, अजून परवानगी मिळालेली नाही म्हणून. कप्तान थांबला. थोड्याच वेळात त्याने पुन्हा इंजिनांचा जोर वाढवला. उड्डाणाची परवानगी अजूनही नव्हती, पण या वेळी सहवैमानिकाने त्याला थांबवलं नाही. विमान धावू लागल्यावर फ्लाइट इंजिनिअरने त्याच धावपट्टीवर आलेल्या दुसऱ्या कंपनीच्या विमानाबद्दल विचारलं, ते पॅन ॲमचं विमान बाजूला झालेलं नाही का? कप्तान ठामपणे म्हणाला, झालंय की. त्यानंतर कुणीच काही बोललं नाही. पॅन ॲमचं विमान धावपट्टीवरच होतं. ५८३ माणसं गेली.

इंजिनिअरने शंका काढली होती, पण प्रश्नाच्या रूपात, आणि प्रश्नाला ‘हो’ म्हणून वाटेला लावता येतं. अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांना एकत्र काम करण्याचं प्रशिक्षण सुरू केलं. कनिष्ठाने ठामपणे बोलायचं आणि कप्तानाने ऐकायचं, दोन्ही शिकवावं लागतं हे त्यातून मान्य झालं.

तुमच्यासाठी त्यातलं कामाचं एवढंच: आडून सुचवू नका. ‘तारीख जरा जवळची वाटते का?’ असं नको. ‘मला काळजी वाटते. तपासणीला दहा दिवस लागतात, आपल्याकडे चार आहेत. तारीख पुढे न्यावी असं माझं मत आहे.’ काय दिसतंय, त्याचं काय होईल, काय करावं. आणि उत्तर उडवाउडवीचं आलं तर एकदा पुन्हा सांगा. तरीही फटका बसेल अशी जागा असेल, तर कुणी जाणता माणूस सोबत घ्या. उगाच हौतात्म्य पत्करा असं मी सांगणार नाही.

लोक बोलले, पण मला त्यांचं पटलं नाही. तर?

तर निर्णय तुमचा. पण तो का घेतला ते सांगायचं, आणि पुरावा मागताना तराजू सरळ धरायचा. चॅलेंजर यान उडण्याच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनिअर गप्प नव्हते. इतक्या थंडीत सांध्यातली रबरी कडी काम करणार नाहीत, असं ते सांगत होते. त्यांच्याकडून धोका सिद्ध करण्याची अपेक्षा झाली. धोका नाही हे सिद्ध करायला कुणाला सांगितलं गेलं नाही. शेवटी कंपनीच्या एका अधिकाऱ्याला वरिष्ठाने इंजिनिअरची टोपी काढून मॅनेजरची टोपी घालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. बोलायची मुभा होती, बोलण्याला वजन नव्हतं.

आमची टीम ऑनलाइन काम करते. तिथे?

जिना दिसत नाही, एवढाच फरक. कॅमेरे चालू करायची सक्ती करून काही होत नाही. मीटिंगच्या आधी लेखी मतं मागवा, ती सगळ्यांना एकदमच दिसू द्या. बुजऱ्यांना हे उलट बरं पडतं.

एक जण फार हुशार आहे, पण सगळ्यांना तोडून बोलतो. त्याला सांभाळून घ्यावं का?

त्याच्या एकट्याचं काम मोजता येतं, त्याच्यामुळे इतरांनी न उच्चारलेलं मोजता येत नाही, म्हणून तो महाग आहे हे उशिरा कळतं. एकांतात, नेमक्या वाक्यासह सांगा: ‘काल तू तिला म्हणालास, एवढंही कळत नाही का. त्यानंतर ती बोलली नाही.’ दोनदा सांगून फरक पडला नाही तर टीम बघत असते, तुम्ही काय करता ते.

हे मोजायचं कसं?

एडमंडसन यांची सात विधानांची प्रश्नावली आहे. या टीममध्ये चूक झाली तर ती धरून ठेवली जाते का, अवघड विषय काढता येतात का, मदत मागणं जड जातं का, अशा स्वरूपाची. निनावी भरून घ्या, आणि कुणी काय लिहिलं हे अक्षरावरून ओळखायचा मोह टाळा. मी मात्र आणखी एक साधी गोष्ट बघतो: शेवटची वाईट बातमी मला कुणाकडून कळली? ज्याचं काम त्याच्याकडून, की बाहेरून? आणि किती दिवसांनी?

मीच एकदा सगळ्यांसमोर चिडलो. आता काय?

माझ्या बाबतीतली गोष्ट चिडण्याइतकीही मोठी नव्हती. आठ जणांची टीम होती, जुन्या प्रणालीतली माहिती नव्या प्रणालीत हलवायचं काम. मीटिंग संपत आली होती, लोक लॅपटॉप मिटत होते. नुकतीच आलेली एक मुलगी म्हणाली, ‘सर, एक विचारू का?’ मी घड्याळाकडे बघून म्हणालो, ‘आत्ता?’ ती म्हणाली, ‘नाही, काही विशेष नाही.’ तीन आठवड्यांनी काही खात्यांमध्ये एकच रक्कम दोनदा चढल्याचं ग्राहकाने कळवलं. ती म्हणाली, ‘त्या दिवशी तेच विचारायचं होतं.’ माझा आवाज चढला नव्हता, मी अपशब्द वापरला नव्हता. एक शब्द आणि मनगटावरची एक नजर.

चूक सगळ्यांसमोर झाली असेल तर माफीही सगळ्यांसमोर मागायची. केबिनमध्ये बोलावून मागितलेली माफी बाकीच्यांना दिसत नाही, त्यांना चूक तेवढी लक्षात राहते. ‘पण त्या दिवशी कामाचा ताण होता’ हे शेपूट जोडायचं नाही. मी पुढच्या मीटिंगमध्ये झालेलं जसंच्या तसं सांगितलं आणि शेवटची दहा मिनिटं फक्त प्रश्नांसाठी राखून ठेवली. पहिले दोन आठवडे त्या दहा मिनिटांत कुणीही काही विचारलं नाही. आम्ही बसून राहिलो. तिसऱ्या आठवड्यात एकाने विचारलं, आणि तो प्रश्न खरोखर फालतू होता. त्याचं उत्तर मी नीट दिलं. पुढचा प्रश्न तिचा होता.